सरकारी पैसा, नवे तंत्र आणि साध्याचा प्रश्न

नवे यंत्र, नवे औषध किंवा नवी प्रक्रिया घडवण्यासाठी सरकारने लोकांचा पैसा खर्च करावा, ही गोष्ट आज बहुतेक देशांत गृहीत धरली जाते. अमेरिकेत संरक्षण खात्याची डार्पा आणि वाणिज्य खात्याची निस्ट, जपानमध्ये एकेकाळचे मिटी हे व्यापार-उद्योग मंत्रालय, भारतात सीएसआयआर, तंत्रज्ञान विकास मंडळ आणि बायरॅक अशा संस्था हेच काम करतात. कोणी अनुदान देते, कोणी कर्ज, कोणी पहिले गिऱ्हाईक बनून माल उचलते, कोणी नुसती मोजमापे ठरवून देते. या सगळ्यांच्या समर्थनार्थ दिले जाणारे कारण मात्र बहुधा एकच असते: देश जागतिक स्पर्धेत टिकला पाहिजे. या कारणाच्या पोटात तीन नैतिक प्रश्न दडलेले आहेत. संशोधन फसण्याची शक्यता मोठी असताना त्यात करदात्याचा पैसा त्याला न विचारता घालण्याचा अधिकार सरकारला कुठून येतो? संशोधन यशस्वी झाले तर त्याच्या फळावर हक्क कोणाचा? आणि हे सगळे मुळात कशासाठी करायचे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे तिसऱ्यावर अवलंबून आहेत, आणि धोरणाच्या चर्चेत सर्वांत कमी बोलले जाते ते या तिसऱ्याबद्दलच.

राज्यसंस्थेने कारागिरीत आणि उत्पादनात लक्ष घालण्याची कल्पना नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे दुसरे अधिकरण म्हणजे अध्यक्षांच्या कामांची यादीच आहे. खाणींचा अध्यक्ष वेगळा, सुतकामाचा वेगळा, शेतीचा वेगळा. त्यात पौतवाध्यक्ष हा वजनमापांचा अधिकारी विशेष लक्षवेधी आहे. वजने लोखंडाची किंवा मगध आणि मेकल इथल्या दगडाची करावीत. तसे नसेल तर जो पदार्थ पाण्याने वाढत नाही आणि उष्णतेने घटत नाही त्याची करावीत, असे त्याला सांगितले आहे. दर चार महिन्यांनी वजने तपासून त्यांवर छाप मारून घ्यायचा आणि त्यासाठी शुल्कही घ्यायचे. पदार्थाच्या गुणधर्माकडे इतक्या बारकाईने पाहणारा हा अधिकारी आजच्या भाषेत मानक संस्थेचा प्रमुखच म्हणावा लागेल. अर्थात कौटिल्याला अभिनवतेचे कौतुक नव्हते. त्याचे लक्ष कोशावर होते आणि कोश कशासाठी याचे उत्तर त्याने दिलेले होते. प्रजेच्या हितापलीकडे राजाचे वेगळे हित नाही हे तत्त्व त्याच ग्रंथात आहे. ते कितपत पाळले जाई हा भाग निराळा, पण साध्य आणि साधन यांचा क्रम तिथे उलटलेला नाही.

मानके ठरवणे हे सरकारी हस्तक्षेपाचे नैतिकदृष्ट्या सर्वांत निर्धोक रूप आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक विभागाची स्थापना १९०१ साली झाली. पुढे तीनच वर्षांनी, फेब्रुवारी १९०४ मध्ये, बाल्टिमोर शहरात मोठी आग लागली. वॉशिंग्टनहून आणि इतर शहरांतून बंब धावून आले, पण त्यांच्या नळ्यांचे आटे बाल्टिमोरच्या नळांना बसेनात. पाणी होते, माणसे होती, बंब होते, आणि जोडणीअभावी त्यांतले कित्येक बंब निकामी ठरले. दीड हजारांच्या आसपास इमारती जळाल्या. नंतर झालेल्या पाहणीत देशभर अशा जोडणीचे सहाशेहून अधिक प्रकार वापरात असल्याचे आढळले. प्रत्येक उत्पादकाने आपापला आटा वेगळा ठेवण्यात त्याचा धंद्याचा फायदा होता. सगळ्यांचा मिळून तोटा कोणाच्याच वहीत मांडला जात नव्हता. हा तोटा मांडणारा कोणीतरी लागतो, एवढाच इथे सरकारचा दावा आहे. यात कोणाचा पक्ष घ्यावा लागत नाही, कोण जिंकेल याचे भाकीत करावे लागत नाही, आणि मिळणारा लाभ एकाने घेतला म्हणून दुसऱ्याला कमी पडत नाही.

अडचण सुरू होते ती सरकार मोजमापाच्या पुढे जाऊन शोधांनाच हात घालते तेव्हा. फ्रान्सिस बेकनच्या मृत्यूनंतर, सुमारे १६२७ साली, प्रसिद्ध झालेल्या ‘न्यू अटलांटिस’ या अपूर्ण कल्पनाकथेत एका बेटावर सलोमनचे गृह नावाची संस्था आहे. राज्याच्या आश्रयाने चालणारी संशोधनसंस्था कशी असावी याचे ते युरोपातले पहिले ठसठशीत चित्र. तिथे खोल गुहा आहेत, उंच मनोरे आहेत, भट्ट्या आहेत, शोधकांचे पुतळे उभारण्याची दालने आहेत. पण वाचकाला थांबवते ती एक छोटी नोंद. कोणते शोध बाहेर सांगायचे आणि कोणते नाही याचा विचार तिथले सदस्य आपसांत करतात, गुप्ततेची शपथ घेतात, आणि काही शोध राज्याला सांगतात तर काही राज्यालाही सांगत नाहीत. बेकनला विज्ञानाने माणसाची सत्ता वाढावी असे मनापासून वाटत होते. तरीही ती सत्ता जशीच्या तशी राजाच्या हाती द्यायला त्याची लेखणी कचरली. खुद्द इंग्लंडचा लॉर्ड चॅन्सेलर राहिलेल्या माणसाचे हे कचरणे आहे, म्हणून त्याला वजन आहे.

विसाव्या शतकात या प्रश्नाला अर्थशास्त्रीय रूप आले. १९४५ साली व्हॅनेव्हर बुश यांनी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना सादर केलेल्या अहवालात मूलभूत संशोधनाला सरकारने सढळ हाताने पैसा द्यावा, पण दिशा शास्त्रज्ञांवर सोपवावी, असे मांडले. त्याच वर्षी फ्रीडरिख हायेक यांचा समाजातील ज्ञानाच्या वापराविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. आर्थिक व्यवहाराला लागणारे ज्ञान असंख्य माणसांत विखुरलेले असते, ते कोणत्याही एका कचेरीत गोळा होऊ शकत नाही, हा त्याचा गाभा. पुढे रिचर्ड नेल्सन यांनी १९५९ मध्ये आणि केनेथ ॲरो यांनी १९६२ मध्ये दाखवून दिले की ज्ञान ही वस्तू बाजारात नीट विकली जात नाही. ते एकदा बाहेर पडले की फुकट पसरते, त्यामुळे ते निर्माण करायला खाजगी भांडवल पुरेसे पुढे येत नाही, आणि ही तूट सरकारने भरून काढावी लागते. बहुतेक सरकारी यंत्रणांचे तात्त्विक अधिष्ठान आजही हेच आहे. १९६२ मध्येच मायकेल पोलानी यांनी विज्ञानाला एक प्रजासत्ताक मानून त्याच्यावर बाहेरून ध्येये लादणे म्हणजे त्याची वाढ खुंटवणे होय, असा युक्तिवाद केला.

ही सगळी मांडणी भक्कम आहे, पण तिच्यात एक पोकळी आहे. बाजार कमी संशोधन करतो म्हणून सरकारने जास्त करावे, इतके ती सांगते. कोणते संशोधन, याबाबत ती गप्प बसते. क्षयरोगावरचे औषध आणि जाहिराती अधिक अचूक पोहोचवणारी संगणकप्रणाली या दोन्हींत ज्ञान आहे, दोन्हींत ते बाहेर झिरपते, दोन्हींना तोच युक्तिवाद लागू पडतो. पोलानींचे प्रजासत्ताक ही पोकळी शास्त्रज्ञांच्या कुतूहलाने भरते, आणि मूलभूत संशोधनापुरते ते उत्तर चांगलेच आहे. मात्र डार्पा किंवा तंत्रज्ञान विकास मंडळ ज्या टप्प्यावर काम करते तिथे कुतूहलाचा कारभार संपलेला असतो. तिथे वस्तू बनवायची असते, आणि वस्तू कोणासाठी तरी असते.

१९८०च्या दशकात ही पोकळी स्पर्धात्मकतेने भरली. जपानच्या मिटीने १९७६ ते १९८० या काळात तिथल्या मोठ्या कंपन्यांना एकत्र आणून चिप-निर्मितीचा संयुक्त प्रकल्प चालवला होता. जपानी चिपांनी बाजार काबीज करायला सुरुवात केल्यावर अमेरिकेत खळबळ उडाली. १९८७ मध्ये १४ अमेरिकी कंपन्यांचा सेमाटेक हा संघ उभा राहिला आणि डार्पामार्फत त्याला वर्षाला सुमारे १० कोटी डॉलर मिळू लागले. १९८८ च्या व्यापार व स्पर्धात्मकता कायद्याने जुन्या राष्ट्रीय मानक विभागाचे नाव बदलून निस्ट केले आणि कंपन्यांच्या जोखमीच्या संशोधनात भागीदारी करणारा प्रगत तंत्रज्ञान कार्यक्रम त्याच्याकडे सोपवला. आटे आणि वजने मोजणाऱ्या कचेरीच्या कामात आता राष्ट्राच्या विजयाची भर पडली. यातला सेमाटेकचा शेवट समाधानकारक म्हणावा असा झाला. १९९६ मध्ये त्याने आपणहून सरकारी पैसा बंद केला. प्रगत तंत्रज्ञान कार्यक्रमावर मात्र कंपन्यांना फुकटची खिरापत वाटल्याचा आरोप सतत होत राहिला आणि २००७ मध्ये तो गुंडाळण्यात आला.

१९९४ मध्ये पॉल क्रुगमन यांनी राष्ट्रांची स्पर्धात्मकता हा एक घातक ध्यास असल्याची टीका केली. कंपनी हरली तर बुडते, देश बुडत नाही. एका देशाची उत्पादकता वाढली म्हणजे दुसऱ्याची घटते असे नाही. लोकांचे राहणीमान मुख्यतः आपल्याच घरच्या उत्पादकतेवर ठरते. हे आक्षेप अर्थशास्त्रीय आहेत आणि त्यांवर वाद होऊ शकतो. तो भरपूर झालाही. पण त्यांच्या मागे असलेला तात्त्विक मुद्दा त्याहून खोल जातो. दुसऱ्याच्या पुढे असणे हे सापेक्ष साध्य आहे. ते स्वीकारले की काय करायचे हे आपण ठरवत नाही, प्रतिस्पर्धी ठरवतो. ऑक्टोबर १९५७ मध्ये सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडला आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अमेरिकेने आर्पा, म्हणजे आजची डार्पा, स्थापन केली. तिच्यातून पुढे आर्पानेट आणि त्यातून इंटरनेट निघाले हे खरे. मात्र तिची विषयपत्रिका मॉस्कोतून आली होती, हेही तितकेच खरे.

याला भारतीय उदाहरण पुण्यातच सापडते. अमेरिकेने बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेसाठी क्रे महासंगणक द्यायला नकार दिल्यानंतर १९८८ मध्ये सी-डॅकची स्थापना झाली. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. एकच महाकाय प्रक्रियक बनवण्याच्या भानगडीत न पडता बाजारात मिळणारे ट्रान्सप्युटर समांतर जोडून हा यंत्रसंघ उभारला, ही त्यामागची हुशारी. देशाचा आत्मविश्वास त्याने वाढवला, यात शंका नाही. पण त्याच संस्थेत त्याच सुमारास आणखी एक काम चालू होते आणि त्याची वर्तमानपत्रात फारशी बातमी झाली नाही. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले जिस्ट तंत्रज्ञान सी-डॅककडे आले होते. साध्या संगणकात एक कार्ड बसवायचे, की इंग्रजीसाठी लिहिलेले कार्यक्रमही देवनागरीत अक्षरे उमटवू लागत. भारतीय लिप्यांसाठीचे इनस्क्रिप्ट कळफलक आणि इस्की ही संकेतप्रणाली याच धाग्यातली. परम कोणाला तरी दिलेले उत्तर होते. जिस्ट एका गरजेला दिलेले उत्तर होते. सरकारी कचेरीत, छापखान्यात आणि टपरीवजा टंकलेखन केंद्रात मराठी पोहोचवण्याचे काम दुसऱ्याने केले. यावरून महासंगणक नको होता असे ठरत नाही. दोन कामांचे मोल एकाच मापाने लावता येत नाही, इतके दिसते. आणि स्पर्धात्मकतेच्या तराजूत जिस्टला जवळजवळ काहीच वजन नाही.

साध्य आधी आणि तंत्र नंतर, असा क्रम ठेवून नवनिर्मितीला चालना देण्याचा आधुनिक भारतातला सर्वांत रेखीव प्रयत्न सरकारने केलेला नाही. तो १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने केला. गांधीजींना यंत्रविरोधी ठरवणाऱ्यांनी त्या वेळच्या बक्षिसाच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. सुधारित चरख्यासाठी १ लाख रुपयांचे बक्षीस जाहीर झाले. त्या काळी ही रक्कम डोळे विस्फारायला लावणारी होती. यंत्र हलके असावे, हाताने किंवा पायाने चालावे, खेड्यातल्या झोपडीत वापरता यावे. बाईमाणसाला फारसे न थकता दिवसाचे आठ तास चालवता यावे. आठ तासांत १२ ते २० नंबरचे १६ हजार फूट सूत निघावे. किंमत १५० रुपयांच्या वर जाऊ नये. वेळच्या वेळी देखभाल केल्यास ते २० वर्षे टिकावे आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या ५ टक्क्यांहून अधिक नसावा. शोधकाने स्वतःच्या नावे पेटंट घ्यायला हरकत नव्हती, पण बक्षीस हवे असेल तर पेटंटचे हक्क संघाच्या नावे करून द्यायचे होते.

या अटींची रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे. यंत्र किती हुशार असावे याबद्दल त्यांत अक्षर नाही. वापरणारी बाई, तिचा थकवा, तिच्या घराची जागा, तिच्या खिशाला परवडणारी किंमत आणि मोडले तर होणारा खर्च, या पाच गोष्टींनी तंत्राभोवती कुंपण घातले आहे, आणि त्या कुंपणाच्या आत शोधकाला पूर्ण मोकळीक आहे. जोखीम शोधकाची, फसला तर संघाचा पैसा जात नाही. हक्काचा प्रश्नही पैसे देण्याआधीच मिटवलेला. आज नवकल्पनांसाठी आव्हान-स्पर्धा घेणाऱ्या सरकारी संस्था ज्या पद्धतीला आधुनिक मानतात ती इथे बहुतेक पूर्णांशाने आहे. सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीत गणेश भास्कर काळे यांनी तयार केलेले यंत्र या कसोटीला उतरण्यासाठी पुढे आले होते, पण सगळ्या अटी त्याला पुऱ्या करता आल्या नाहीत आणि बक्षीस कोणालाच मिळाले नाही. म्हणजे साध्य स्वच्छ असले की तंत्र साधतेच, असेही नाही.

गोष्ट तिथे संपली नाही. स्वातंत्र्यानंतर तमिळनाडूतील एकांबरनाथन यांनी अनेक चात्यांचा अंबर चरखा बनवला. १९५५ मध्ये नियोजन आयोगाने ग्रामोद्योग व लघुउद्योगांसाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ द. गो. कर्वे होते. पारंपरिक उद्योगांत नव्या तंत्रामुळे आणखी बेकारी होऊ नये, ही या समितीची एक मुख्य चिंता होती. तिने अंबर चरख्याच्या बाजूने कौल दिला आणि दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत सरकारचा पैसा त्यात गेला. खाजगी संघटनेचा संकल्प आता सरकारी कार्यक्रम झाला, आणि त्याबरोबर एक गोष्ट सुटली. बक्षिसाच्या वेळी अट पुरी झाली नाही तर पैसा द्यायचा नाही, असा शिरस्ता होता. योजनेत मात्र उद्दिष्ट चरख्यांची संख्या झाले. अमर्त्य सेन यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या तंत्रनिवडीवरील ग्रंथात अंबर चरख्याचा हिशेब स्वतंत्रपणे तपासला. त्यांचा निष्कर्ष चरख्याला अनुकूल नव्हता: जितका खर्च त्यावर होतो त्या मानाने तो पुरेसे निर्माण करत नाही. सेन यांचा मुद्दा रोजगाराच्या विरुद्ध नव्हता. चांगले साध्य समोर ठेवले म्हणून निवडलेले साधन हिशेबातून सुटत नाही, एवढाच तो होता. स्पर्धात्मकतेवर टीका करणाऱ्यांना ही बाजू सोयीने विसरता येत नाही. उदात्त हेतूच्या नावाखालीही तितकाच पैसा वाया जाऊ शकतो, आणि हेतू उदात्त असल्याने विचारणा करायला लोक बिचकतात.

आता जोखमीचा प्रश्न. खाजगी गुंतवणूकदार स्वतःच्या मर्जीने पैसा लावतो. करदात्याला ती मुभा नसते. त्यामुळे सरकारी अधिकाऱ्याने फसू शकणाऱ्या कामावर पैसा लावणे अनैतिक आहे, असे म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो. त्यातून कचेऱ्यांमध्ये जे वर्तन येते ते संशोधन अनुदान घेणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाचे आहे: मंजुरीसाठी आधीच सिद्ध झालेले काम नवे म्हणून मांडायचे, हप्ता मार्चअखेर आला की महिनाभरात खरेदी उरकायची आणि उपयोगिता प्रमाणपत्र वेळेत धाडायचे. खर्च नियमाप्रमाणे झाला याची खातरजमा होते, काम नवे होते का याची होत नाही. कौटिल्याने अधिकाऱ्यांच्या अपहाराचे ४० प्रकार मोजले आणि पाण्यातला मासा पाणी केव्हा पितो हे जसे कळत नाही तसे त्यांचे असते, असे म्हणून ठेवले. आजच्या लेखापरीक्षणाची मनोवृत्ती त्याच संशयातून घडली आहे. संशय अस्थानी नाही. पण चोरी पकडण्यासाठी बनवलेली चाळणी प्रामाणिक अपयशालाही अडवते, आणि मग कोणी अपयशी व्हायलाच तयार होत नाही.

या पेचातून सुटण्याची वाट संमतीच्या संकल्पनेत आहे. जॉन रॉल्स यांच्या विचारप्रयोगाचा आधार घेतला तर प्रश्न असा मांडता येतो: समाजात आपली जागा कोणती असेल हे ठाऊक नसताना माणसे कोणत्या जोखमीला मान्यता देतील? स्वतः रोगी असण्याची शक्यता असताना औषधाच्या शोधावरची जोखीम बहुतेक जण मान्य करतील, मग दहांपैकी आठ प्रयत्न फसले तरी चालेल. एखाद्या कंपनीचा परदेशातल्या बाजारातला वाटा वाढावा यासाठी तीच जोखीम घ्यायला ते कचरतील. निदान त्या वाट्यातले आपल्याला काय, असे आधी विचारतील. जोखीम नैतिक आहे की नाही हे फसण्याच्या शक्यतेवर ठरत नाही, कशासाठी घेतली यावर ठरते. साध्याचा प्रश्न टाळून जोखमीचा प्रश्न सोडवता येत नाही तो यामुळेच.

फळावरच्या हक्काचे तसेच आहे. अमेरिकेत १९८० पर्यंत सरकारी पैशातून झालेल्या शोधांची पेटंटे बहुतांशी सरकारकडे राहत. अशी सुमारे २८ हजार पेटंटे साठली होती आणि त्यांतली पाच टक्क्यांहून कमी कोणी वापरायला घेतली होती, ही आकडेवारी त्या वेळी वारंवार सांगितली गेली. बाय-डोल कायद्याने हे हक्क विद्यापीठांना आणि लहान कंपन्यांना दिले. सार्वजनिक मालमत्ता पडून राहण्यापेक्षा खाजगी हातांनी ती कामी आणणे बरे, हा त्यामागचा विचार. मात्र शोध लोकांना वाजवी अटींवर उपलब्ध झाला नाही तर सरकार हस्तक्षेप करून दुसऱ्याला परवाना देऊ शकेल, अशी तरतूद कायद्यात ठेवली. पहिल्या चार दशकांत ही तरतूद एकदाही वापरली गेली नाही. प्रोस्टेटच्या कर्करोगावरील एन्झालुटामाइड हे औषध लॉस एंजेलिसच्या सरकारी विद्यापीठात, लष्कराच्या आणि राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या अनुदानातून निघाले. अमेरिकेत त्याची किंमत इतर श्रीमंत देशांच्या कित्येक पट असल्याची तक्रार रुग्णांनी केली. मार्च २०२३ मध्ये राष्ट्रीय आरोग्य संस्थेने ती फेटाळली. औषध बाजारात भरपूर मिळते, म्हणजे अट पुरी झाली, असा तिचा एकंदर सूर होता. वाजवी अटी या दोन शब्दांत किंमत येते की नाही, हा सगळा वाद. ज्यांच्या करातून शोध निघाला त्यांना तो परवडतो का, हा प्रश्न १९८० मध्ये कोणाच्या डोक्यातच आला नसेल असे नाही. तो स्पष्ट शब्दांत कायद्यात आला नाही, आणि नंतर आणायला उशीर झाला.

भारतातही बाय-डोलच्या धर्तीवरचे विधेयक डिसेंबर २००८ मध्ये राज्यसभेत मांडले गेले. त्यावर बरीच टीका होऊन २०१४ मध्ये ते मागे घेण्यात आले. त्याआधीचा भारतीय अनुभव वेगळ्या वाटेने गेला होता. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या वस्तूवर पेटंट नाकारले आणि फक्त प्रक्रियेवर ठेवले. त्यामुळे प्रक्रियांवरच्या संशोधनाला धार आली. हैदराबादच्या सीएसआयआर प्रयोगशाळेत ए. व्ही. रामाराव यांच्या गटाने एड्सवरच्या एझेडटी या औषधाची प्रक्रिया बसवली, ती मुंबईच्या सिप्लाने उचलली आणि १९९३ मध्ये औषध कितीतरी स्वस्तात बाजारात आणले. सरकारी प्रयोगशाळा, खाजगी कारखाना आणि कायदा यांची ही जुळणी मूळ पेटंटधारकाच्या दृष्टीने अन्यायकारक होती. रुग्णाच्या दृष्टीने ती जीव वाचवणारी होती. दोन्ही दृष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. कोणती वरचढ मानायची याचे उत्तर पेटंटशास्त्रात नाही.

साध्य न ठरवता केलेल्या मूल्यमापनाची कोंडी शांता बायोटेकच्या उदाहरणात स्पष्ट दिसते. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या तंत्रज्ञान विकास मंडळाने सुरुवातीच्या काळात ज्यांना साहाय्य दिले त्यांत हैदराबादची ही लहान कंपनी होती. १९९७ मध्ये तिने हेपटायटिस-बी ची देशी लस बाजारात आणली. तोवर ही लस परदेशातून येई आणि मध्यमवर्गीय कुटुंबालाही ती महाग पडे. देशी लस आल्यावर किमती झपाट्याने उतरल्या, इतर भारतीय उत्पादकही उतरले, आणि २०११ पर्यंत ही लस सरकारच्या सार्वत्रिक लसीकरणात देशभर पोहोचली. दरम्यान २००९ मध्ये शांता बायोटेक सानोफी या फ्रेंच कंपनीच्या ताब्यात गेली. आता हा खर्च सत्कारणी लागला की नाही? देशाची स्पर्धात्मकता हे साध्य मानले तर सार्वजनिक पैशाने वाढवलेली कंपनी परक्याच्या पदरात पडली. बालकाला परवडणारी लस हे साध्य मानले तर मंडळाच्या हातून झालेल्या सर्वांत चांगल्या कामांपैकी हे एक ठरते. आकडे तेच, कागदपत्रे तीच, निकाल उलट. कोणता निकाल लावायचा हे कर्ज देताना लिहून ठेवले नसेल तर नंतर ज्याला जो सोयीचा तो लावला जातो.

जुलै २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने खाजगी क्षेत्रातील संशोधनासाठी १ लाख कोटी रुपयांच्या निधीला मंजुरी दिली. दीर्घ मुदतीची, अल्प किंवा शून्य व्याजाची कर्जे त्यातून मिळायची आहेत. तंत्रज्ञान किती पक्व असावे, क्षेत्र कोणते असावे, कोणत्या संस्थांमार्फत पैसा जावा, हे अशा योजनांत तपशिलाने ठरवलेले असते. तयार होणारी वस्तू कोणाला, किती किमतीत आणि मोडल्यावर किती खर्चात मिळावी, हे १९२९ च्या त्या जाहिरातीत होते तितक्या स्पष्टपणे कर्जाच्या करारात घालायला कायद्याची आडकाठी नाही. प्रत्येक करारात ते घालावे लागेल, कारण चिप बनवणाऱ्याच्या अटी लस बनवणाऱ्याला लागू पडणार नाहीत. आणि त्या अटी ठरवायला संशोधकाबरोबर वस्तू वापरणाऱ्यालाही टेबलाशी बसवावे लागेल.